टॉर्डॉफनं बहीण दिली, चेंडू दिला नाही

क्लेम ऑल्डरॉइड हॅदर्सबीच्या संघात अकरा वर्षं डाव्या कडेला खेळला, आणि त्यातली निदान सात वर्षं त्यानं चेंडूची वाट बघण्यात काढली. हे मी ऐकीव सांगत नाही. मी तेव्हा मैदानाच्या फाटकावर तिकिटं फाडायचो. सामना सुरू झाला की फाटक लावायचं आणि कठड्याशी जाऊन उभं राहायचं, एवढंच माझं काम. त्यामुळे क्लेम मला कोळशाच्या खाणीतल्या माझ्या सोबत्यांपेक्षा जास्त दिसला. तसाही तो बराच वेळ एकाच जागी उभा असायचा.

आमची रग्बी तेरा जणांची. पंधरा जणांची ती दुसरी. ती दक्षिणेकडच्या कॉलेजवाल्यांची, तिच्याशी आमचा संबंध नाही. चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं, सोबत्याला द्यायचा झाला तर मागेच द्यायचा, आणि समोरच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की झाला ट्राय. विंगर म्हणजे रांगेतला अगदी शेवटचा गडी, कठड्यापासून दोन हातांवर. मधल्या सगळ्यांच्या हातून उरलाच तर चेंडू त्याच्यापर्यंत येणार. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पानावर बसल्यासारखं ते. वाढप्याची मर्जी असेल तर जेवण, नाहीतर वास.

क्लेम सापडला तोच मुळी बसमुळे. एकोणीस वर्षांचा होता, कापडगिरणीत सुताची बाचकी वाहायचा. एकदा सकाळी गिरणीच्या थांब्यावर उतरला आणि जेवणाचा डबा सीटवर विसरला. बस सुटली. हा मागे धावला. बस चालवत होता हॅरल्ड क्रॅब्ट्री. दिवसा बस चालवायचा आणि मंगळवार-गुरुवार संध्याकाळी आमच्या संघाला शिकवायचा. स्टेशनच्या चढावर त्यानं आरशात बघितलं. मागे पडलेलं पोरगं आरशात लहान लहान होत जायला हवं, हे मोठं होत होतं. क्रॅब्ट्रीनं मुद्दाम वेग वाढवला. आतल्या बायका ओरडायला लागल्या, एकीची अंडी फुटली. चढ संपता संपता क्लेम बसच्या दाराशी आला आणि काचेवर टकटक करायला लागला.

"डबा! माझा डबा राहिलाय!"

क्रॅब्ट्रीनं बस थांबवली आणि दार उघडलं. "नाव काय रे तुझं?"

"ऑल्डरॉइड. तिसऱ्या सीटवर आहे बघा, निळा."

"डबा नंतर. रग्बी खेळतोस?"

"शाळेत खेळायचो. मला मार लागतो म्हणून सोडली."

"मार सगळ्यांनाच लागतो," क्रॅब्ट्री म्हणाला. "तुला लागण्याआधी तू निघून जाशील."

सह्या झाल्या. सहीपोटी मिळालेल्या पैशांत क्लेमच्या आईनं कपडे धुण्याचं मशीन घेतलं, आमच्या गल्लीतलं पहिलं. शेजारणी बघायला आल्या की ती त्यावर हात ठेवून सांगायची, "हे क्लेमच्या पायांचं हं. डोक्याचं काही येईल असं वाटत नाही."

पळण्यात क्लेमचा हात धरणारा कुणी नव्हता. अडचण होती ती दुसऱ्याला अडवण्यात. समोरचा गडी चेंडू घेऊन धावत आला की त्याला कमरेत धरून पाडायचं असतं. क्लेम त्याच्याशेजारी धावायचा. अगदी सोबत सोबत, रेषेपर्यंत. पाहुण्याला थांब्यापर्यंत पोचवायला निघाल्यासारखा. आमच्या कठड्यावरून आवाज यायचे, "क्लेम, त्याची पिशवी तरी घे हातात!" "आता आलासच आहेस तर चहाला बोलाव!"

त्याला यातून बाहेर काढलं ते विनी स्पिंकनं. विनी मावशी विधवा, लाँड्रीत इस्त्री करायची, आणि सामन्याला येताना घडीचं स्टूल, चहाचा थर्मास आणि पुदिन्याच्या गोळ्या घेऊन यायची. डावा विंगर अर्धा सामना मैदानाच्या एका कडेला असतो आणि मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की दुसऱ्या कडेला. विनी मावशीही मध्यंतरात स्टूल काखोटीला मारून सगळ्या मैदानाला वळसा घालून पलीकडे जायची. तिला क्लेमशी बोलायचं असायचं. सामना चालू असताना.

"क्लेम, तुझ्या आईचा गुडघा कसाय?"

"बरा आहे, मावशी." हा नजर समोर ठेवून, ओठ न हलवता.

"शेकायला सांग. गोळी घे."

आणि हा गोळी घ्यायचा. पंच एकदा त्याला रागावलाही होता, की खेळाडूनं प्रेक्षकांकडून खाऊ घेऊ नये असा नियम नसला तरी असायला हवा.

तर या विनी मावशीनं रेल्वेच्या रुळांमागे भाड्यानं घेतलेल्या तुकड्यावर एक डुकरीण पाळली होती. नाव डचेस. वजन तीन माणसांचं. एका रविवारी मावशीनं क्लेमला तिथे बोलावलं आणि गोठ्याचं फाटक उघडून दिलं.

"धर हिला."

"का?"

"मी सांगते म्हणून. हात पुढे करू नकोस, निसटेल. खांदा लाव. आणि डोकं तिच्या मागच्या बाजूला ठेव, नाहीतर मान मोडेल. तिची नाही, तुझी."

चार रविवार तो चिखलात लोळला. पाचव्या रविवारी डचेस आडवी झाली, आणि क्लेम तिच्यावर पडून हसत होता. त्यानंतर त्यानं माणसंही पाडायला सुरुवात केली. चिखलात पडलेला मोठ्या देहाचा गडी बघितला की आमच्याकडचे लोक ओरडायचे, "डचेस पडली!" बिचाऱ्या पाहुण्या संघाला वाटायचं, ही काहीतरी स्थानिक शिवी आहे.

आता चेंडूचं. क्लेमच्या लगेच आतल्या जागेवर, म्हणजे सेंटरला, डेरिक टॉर्डॉफ खेळायचा. खाणीत कोळसा फोडायचा, बुटका, रुंद, मान अशी नव्हतीच. खांद्यांवर थेट डोकं ठेवलेलं. बोलणं मोजकं. धावायला लागला की तिघेजण अंगावर घेऊन धावायचा, आणि चौथा आला की खाली पडायचा. पण शेजारी मोकळा उभा असलेल्या क्लेमला चेंडू द्यावा, हे त्याला सुचायचं नाही. क्रॅब्ट्री ओरडून ओरडून थकला.

"डेरिक, अरे क्लेम मोकळा होता!"

"बघितलं."

"मग दिला का नाहीस?"

डेरिक थोडा विचार करायचा. "दिला की गेला," म्हणायचा.

क्लेम तिथे कडेला उभा. हिवाळ्यात हात काखेत. कठड्यावरचे लोक त्याला विचारायचे, पेपर देऊ का वाचायला, कोट हवा का, घरी काही निरोप द्यायचाय का. वर्षाला सात-आठ ट्राय करायचा तो, ते लाथेनं उडालेले किंवा कुणाच्या हातून निसटून आलेले चेंडू पकडून. मेहनतीचे खरे, पण डेरिककडून आलेले नव्हेत.

अशात क्लेम डेरिकच्या बहिणीच्या प्रेमात पडला. ॲव्हरिल सहकारी दुकानात चीज कापून द्यायची, आणि क्लेमच्या घरात कुणालाही चीज आवडत नसताना हा आठवड्यातून तीनदा अर्धा पौंड चीज आणायला लागला. गावात लगेच पसरलं की पोरगा चेंडूसाठी सोयरीक जुळवतोय.

"खरंय का रे हे?" ॲव्हरिलनं एकदा त्याला सरळ विचारलं. "माझ्या भावानं पास द्यावा म्हणून तू माझ्या मागे आहेस?"

"तसं असतं तर मी तुझ्या भावाच्या मागे लागलो नसतो का?" क्लेम म्हणाला.

"लागून काही उपयोग झाला नसता."

"तेच म्हणतोय."

लग्न सत्तर सालच्या जूनमध्ये झालं. ॲव्हरिलचे वडील हयात नव्हते, म्हणून डेरिकच तिला हाताला धरून चर्चमध्ये घेऊन आला. वेदीशी पोचल्यावर पाद्र्यांनी खूण केली आणि डेरिकनं बहिणीचा हात क्लेमच्या हातात ठेवला. तेवढ्यात मागच्या बाकावरून आमच्या संघातला एकजण ओरडला, "अरे बघा! टॉर्डॉफनं काहीतरी दिलं!" सगळं चर्च हसत सुटलं. पाद्री पुस्तकाआड तोंड लपवून हसत होते. डेरिक तेवढा गंभीर. आणि पुढच्या मोसमात पहिल्याच सामन्यात त्यानं शेजारी मोकळ्या उभ्या असलेल्या मेहुण्याला न देता चेंडू घेऊन तिघांच्या घोळक्यात उडी मारली. मग गावानं म्हणायला सुरुवात केली, टॉर्डॉफनं बहीण दिली, चेंडू दिला नाही.

चौऱ्याहत्तर साली मात्र कधी नव्हे ते आमचा संघ चषकाच्या उपांत्य सामन्यापर्यंत गेला. तो सामना दोन्ही संघांच्या गावांपासून दूर, तिसऱ्याच ठिकाणी असतो. हॅदर्सबीतून अकरा बस निघाल्या, पहिली स्वतः क्रॅब्ट्रीनं चालवली. समोर डोंगरापलीकडचा लँकेशायरचा मोठा संघ. त्यांच्या गड्यांच्या मांड्या बघूनच आमचे काही लोक म्हणाले, आपण मजेत सहल करून परत जाऊ.

पण शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा आम्ही सात आणि ते नऊ. एक ट्राय झाला असता तर तीन गुण, आणि आम्ही अंतिम सामन्याला लंडनला. क्लेम आमच्याच कडेला होता. मी कठड्याला टेकलेलो, माझ्या उजव्या हाताला विनी मावशी स्टुलावर. चिखल घोट्यापर्यंत. त्या सबंध अर्ध्या डावात क्लेमला चेंडू शिवला नव्हता, त्याचे कपडे इस्त्रीतून आल्यासारखे.

आणि डेरिक फुटून निघाला. एकाला झटकलं, दुसऱ्याला खांद्यावर घेतलं. समोर त्यांचा शेवटचा गडी राहिला. तो डेरिकच्या अंगावर गेला. क्लेम पूर्ण मोकळा. रेषा बारा पावलांवर. आम्ही कुणीच "पास दे" असं ओरडलो नाही, कारण सात वर्षांत ती सवयच मोडली होती.

डेरिकनं चेंडू दिला.

सुरेख पास होता तो. छातीच्या उंचीचा, फिरत फिरत आलेला. तो क्लेमच्या कानावर आदळला आणि कठड्याच्या बाहेर गेला. संपलं.

नंतरचे सहा आठवडे डेरिकनं जे भोगलं ते मी खाणीच्या कॅन्टीनमध्ये डोळ्यांनी बघितलं. सगळ्या गावाचं एकमत झालं होतं. ज्या माणसानं कधी पास दिलाच नाही त्याला तो देता कसा येणार? उशिरा दिला, उंच दिला, कानावर मारला. कुणी डेरिकला मीठ मागितलं आणि त्यानं दिलं की घेणारा कान पुढे करायचा. खाली खाणीत उतरताना कुणी हातात दिवा देताना म्हणायचं, "डेरिक, सांभाळ हं, देतोय." डेरिकनं कुणालाही उलट उत्तर दिलं नाही. संध्याकाळी तो घरामागच्या न्हाणीच्या भिंतीवर चेंडू मारत बसायचा. डाव्या हातानं शंभर, उजव्या हातानं शंभर. त्याच्या आईनं पाद्र्यांना विचारलं, पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय का.

खरी गोष्ट सामना संपला तेव्हा तिघांनाच ठाऊक होती. क्लेम, विनी मावशी आणि मी. आणि मी बोललो नाही, कारण माझ्यापेक्षा त्या दोघांनी बोलायला हवं होतं.

झालं असं होतं की डेरिक फुटून निघाला नेमक्या त्या क्षणी विनी मावशीनं, मिनिटभर घोळवून घोळवून, क्लेमला विचारलं होतं, "काय रे, ॲव्हरिलला दिवस गेलेत ना?"

क्लेमला हे माहीत नव्हतं. त्यानं मान वळवली. तोंड उघडं. "काय?" म्हणाला. आणि चेंडू कानावर.

परतीच्या बसमध्ये सगळे सुतकी चेहऱ्यानं बसलेले असताना क्लेमनं बायकोला हळूच विचारलं. ॲव्हरिल त्याच्याकडे बघतच राहिली. "तुला कुणी सांगितलं? मी अजून डॉक्टरकडेसुद्धा गेले नाहीये!"

"विनी मावशीनं."

"तिला कसं कळलं?"

"सकाळी तू तिचं हॅमचं सँडविच परत केलंस म्हणे."

तिसरा महिना उलटेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं, आईलासुद्धा नाही. त्यामुळे पहिले काही आठवडे क्लेमला गप्प राहायला चांगलं कारण होतं. नंतरचे काही आठवडे तो फक्त भ्याला होता. एका संध्याकाळी तो सासरी धुण्याच्या मशीनचा पट्टा दुरुस्त करायला गेला आणि त्यानं मागच्या खिडकीतून डेरिकला भिंतीशी एकटाच बघितलं. भिंतीवर खडूनं काढलेलं एक वर्तुळ होतं, छातीच्या उंचीवर. क्लेम पट्टा तसाच टाकून घरी आला आणि ॲव्हरिलला म्हणाला, "रविवारी सांगू या."

रविवारी दुपारी टॉर्डॉफांकडे सगळे जेवायला. भाजलेलं बीफ, बटाटे, पुडिंग. सासूबाई वाढत होत्या. क्लेमनं काटा खाली ठेवला.

"डेरिक, तो पास चांगला होता."

"कुठला?"

"तोच."

डेरिक खात राहिला. "उंच होता."

"नव्हता. मी बघत नव्हतो. मी विनी मावशीकडे बघत होतो."

"का?"

"ती काहीतरी विचारत होती."

"काय विचारत होती?"

क्लेमनं बायकोकडे बघितलं. ॲव्हरिल म्हणाली, "मला बाळ होणारंय का, असं."

सासूबाईंच्या हातातला रश्श्याचा जग टेबलावर आपटला. त्या उठल्या, लेकीला मिठी मारली, रडल्या, जावयाच्या डोक्यावर हात फिरवला, पुन्हा रडल्या, शेजारणीला सांगायला दाराकडे धावल्या, परत येऊन पुन्हा मिठी मारली. हे सगळं होईतो डेरिक काट्यावर बटाटा धरून बसला होता.

"म्हणजे सहा आठवडे," तो शेवटी म्हणाला, "मी मीठ दिलं की लोक कान पुढे करतात..."

"डेरिक, मी..."

"...आणि पास चांगला होता."

"फारच चांगला होता रे."

डेरिक उठला. बहिणीच्या गालाचं चुंबन घेतलं, "अभिनंदन" म्हणाला, कोट घातला आणि बाहेर पडला. पुडिंग तसंच राहिलं. टॉर्डॉफ घराण्यात असं आजवर झालं नव्हतं.

त्यानंतर डेरिक क्लेमशी बोलायचा थांबला. ऑगस्टमध्ये नवा मोसम सुरू झाला, दोघे शेजारी शेजारी खेळायचे, एका नळाखाली चिखल धुवायचे, पण बोलणं बंद. सरावाला दोघांमध्ये तीन फुटांचं अंतर आणि डेरिक क्रॅब्ट्रीला सांगायचा, "त्याला सांगा, उद्या चेंडू येईल. तोंड समोर ठेव म्हणावं."

"तो इथेच उभा आहे, डेरिक."

"सांगा तरी."

विनी मावशी एकदा डुकराचं मांस भरून भट्टीत भाजलेला पोर्क-पाय घेऊन डेरिकच्या घरी माफी मागायला गेली. डेरिकनं तो सगळा खाल्ला आणि म्हणाला, "तुमच्यावर माझा राग नाही, मावशी. तुम्ही कुठे विंगर आहात."

आणि पहिल्या सामन्यात चेंडू आला. फेकलेल्या विटेसारखा. क्लेमच्या बरगड्यांवर बसला, त्यानं कसाबसा कवटाळला आणि पळत सुटला. ट्राय. क्लेम उठून बघतो तर डेरिकचा चेहरा पडलेला. मग आम्हाला उमगलं. हा चेंडू देत नव्हता, मेहुण्याला सगळ्या गावासमोर तो पाडायला लावत होता. दुसरा पास आणखी जोरात आला. तिसरा गुडघ्यावर. चौथा पाठीमागून. क्लेमनं सगळे झेलले, कारण एक जरी पाडला असता तर अकरा बस भरून लोकांना त्या कानाची आठवण झाली असती. आणि झेलला की त्याला पकडायला पुढे कुणी उरायचंच नाही.

न्हाणीच्या भिंतीनं डेरिकला विलक्षण पास द्यायला शिकवलं होतं. वर्तमानपत्रांनी लिहिलं की टॉर्डॉफ आणि ऑल्डरॉइड यांच्यात मनाची अशी तार जुळली आहे की एका शब्दाचीही गरज पडत नाही. ते वाचून आमचं कॅन्टीन अर्धा तास हसत होतं. वार्ताहर फोटो काढायला आला तेव्हा दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोन वेगवेगळ्या दिशांना बघितलं.

ऑक्टोबरअखेर मुलगी झाली. नाव लिनेट. मामा दर बुधवारी भाचीला बघायला यायचा, तिला मांडीवर घ्यायचा आणि तिच्याशी बोलायचा. "तुझ्या बापाला सांग, शनिवारी मैदान टणक असेल, लांब खिळ्यांचे बूट नकोत." क्लेम चहा करता करता ऐकायचा. "लिनेट, मामाला विचार, साखर किती." अडीच महिन्यांची पोर दोघांकडे आळीपाळीनं बघायची.

मोसमाचा शेवटचा सामना आला तोवर क्लेमचे चौतीस ट्राय झाले होते. क्लबचा विक्रम पस्तिसांचा, युद्धाच्या आधीचा, एमॉस पिकर्सगिल नावाच्या मासेवाल्याचा. हा एमॉस जिवंत होता, आणि फेब्रुवारीपासून प्रत्येक सामन्याला येऊन बसत होता. लोकांना वाटायचं, नव्या पोराला आशीर्वाद द्यायला येतो. तो प्रत्येक ट्रायला कपाळावर हात मारायचा.

शेवटच्या सामन्यात आम्ही भरपूर पुढे होतो आणि क्लेमला काही केल्या ट्राय मिळेना. शेवटच्या मिनिटाला डेरिक सुटला. समोर कुणीच नाही. क्लेम त्याच्या डावीकडे, तोही पूर्ण मोकळा. दोघे मेहुणे निवांत रेषेकडे निघाले, बाजाराला निघाल्यासारखे. सगळं मैदान उभं राहिलं.

"डेरिक!" क्लेम ओरडला. "अरे डेरिक! इकडे!"

डेरिक रेषेवर पोचला. वळला. चेंडू दोन्ही हातांत धरून क्लेमसमोर नेला. क्लेमनं हात पुढे केले. डेरिकनं त्याच्या डोळ्यांत बघितलं, खाली वाकला आणि चेंडू स्वतःच जमिनीला टेकवला.

"हा माझा," म्हणाला.

बरोबर सव्वाअकरा महिन्यांनी काढलेले शब्द. क्लेम चिखलात बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याला उठता येईना, तेव्हा डेरिकनंच दंडाला धरून उठवलं. वरच्या बाकांवर एमॉस पिकर्सगिल शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारत होता.

त्या संध्याकाळी पबमध्ये मी त्यांच्याच टेबलाशी होतो. क्लेमनं दोन बिअर आणल्या आणि विचारलं, "अजून रागावलायस?"

"नाही," डेरिक म्हणाला. "राग जानेवारीतच गेला."

"जानेवारीत? मग बोलला का नाहीस?"

डेरिकनं ग्लासावरचा फेस बोटानं पुसला. "तू ट्राय करत होतास रे. मला वाटलं, बोललो तर बिघडेल."

क्लेमनं आपला ग्लास अर्धा रिकामा केला. मग म्हणाला, "तो शेवटचा तरी द्यायचास."

"लोक म्हणाले असते, टॉर्डॉफ बदलला."

डेरिक शहात्तर साली थांबला. त्याच्या जागी एक सालस तरुण आला. मोठ्या अदबीनं, मऊ मऊ पास द्यायचा, आणि देताना "क्लेम!" अशी हाकही मारायचा. क्लेमला त्याची सवयच होईना. विटा झेलणाऱ्या हातांना तो कापूस लागायचा. त्या वर्षी नऊ ट्राय. पुढच्या वर्षी गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली, आणि अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये त्यानं बूट उतरवले. निरोपाच्या सामन्याला त्याला एक घड्याळ दिलं, त्यावर नाव चुकीचं कोरलेलं होतं. त्यानं ते तसंच वापरलं.

नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर त्याला देखरेखीची नोकरी मिळाली. पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी. अकरा वर्षं पळण्याचे पैसे घेतलेला माणूस दिवसभर ओल्या फरशीवरच्या पोरांवर ओरडायचा, "पळू नका! चालत जा!" आम्ही मुद्दाम जाऊन ऐकायचो.

लिनेट आठ वर्षांची असताना तिच्या शाळेच्या क्रीडादिनी बापांची शर्यत लागली. क्लेम म्हणाला, नको, गुडघा आहे. पण मुख्याध्यापिकेनं भोंग्यावरून नाव पुकारलं आणि शेकडो लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग काय करतो. सुटला तेव्हा पहिली वीस पावलं तोच पुढे होता आणि माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. मग दाताचे डॉक्टर पुढे गेले. मग पियानो शिकवणारा. मग दोन्ही हातांनी चष्मा धरून धावणारा एक विम्याचा माणूस. क्लेम चौथा आला, लंगडत.

लिनेट दोरीपाशी उभी होती. "बाबा, तुम्ही पूर्वी पळायचात ना?"

"हो."

"खूप?"

"बऱ्यापैकी."

तिनं थोडा विचार केला आणि त्याचा कोट त्याच्या हातात दिला. मग दोघं कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. बटाट्याच्या चिप्स घेतल्या, व्हिनेगर जास्तीचं घालून घेतलं आणि भिंतीवर बसून खाल्ल्या. तिनं जास्त खाल्ल्या. तो गुडघा चोळत दाताच्या डॉक्टरांना नावं ठेवत होता, की असल्या वयात माणसानं एवढं पळू नये.